एकटा खलाशी आणि अवाढव्य शीड: एरिक ताबर्लीची गोष्ट, त्यामागच्या तंत्रासकट

आज मोबाईल नाही, ॲप नाही. आज वाऱ्याबद्दल बोलूया.

मे महिन्याच्या शेवटी मी कोकणात मामाकडे गेलो होतो. पावसाआधी पडवीवर ताडपत्री टाकायची होती. बारा बाय पंधरा फुटांची, म्हणजे जेमतेम १७ चौरस मीटर. मामा शिडीवर, मी खाली दोरी धरून उभा. तेवढ्यात वळवाचा वारा सुटला. ताडपत्री फुग्यासारखी फुगली आणि मी दोन पावलं फरफटत पुढे गेलो. मामा वरून दोरी सोड म्हणून ओरडत होते, आणि मी शहाणा, आणखी घट्ट धरून बसलो. तळहाताची साल निघाली ती निघालीच. नंतर हळद लावताना मामांनी समजावलं की फुगलेलं कापड ओढायचं नसतं, आधी त्यातली हवा जाऊ द्यायची असते.

त्या रात्री हात ठणकत होता, झोप येत नव्हती, म्हणून मोबाईलवर शोधत बसलो की शिडाच्या मोठ्या बोटींवर लोक हे कसं करतात. तिथे शीड माझ्या ताडपत्रीच्या दहा-दहा पट मोठं असतं. आणि काही वेळा बोटीवर माणूस असतो फक्त एक! शोधता शोधता एक नाव पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं: एरिक ताबर्ली. तर आज या माणसाची गोष्ट आणि सोबत त्याच्या कामामागचं तंत्र.

ताबर्ली होता कोण?

एरिक ताबर्लीचा जन्म २४ जुलै १९३१ चा, फ्रान्समधल्या नांत शहरातला. तो सात वर्षांचा असताना वडिलांनी एक जुनी लाकडी बोट घेतली. बोट १८९८ सालची, आराखडा विल्यम फाइफ या नावाजलेल्या स्कॉटिश डिझायनरचा. तिचं नाव ‘पेन डुइक’. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रेटन भाषेत याचा अर्थ ‘छोटं काळं डोकं’. तिथल्या एका छोट्या पक्ष्याचं हे नाव.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोटीची अवस्था वाईट झाली. लाकूड कुजलं. वडील ती मोडीत काढायच्या विचारात होते, पण एरिकने हट्ट करून ती स्वतःकडे घेतली. दुरुस्तीला पैसे नव्हते. तो नौदलात पायलट झाला, इंडोचायनात नोकरी केली आणि पगारातून पैसे साठवले.

आता इथे पहिला टेक्निकल भाग येतो. लाकूड इतकं गेलेलं होतं की दुरुस्ती शक्यच नव्हती. मग त्याने १९५० च्या दशकात, फायबरग्लास अजून नवीन असताना, एक भन्नाट डोकं चालवलं. जुना सांगाडा उलटा करून त्याचाच साचा म्हणून वापर केला. त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थर चढवले आणि तसाच नवा सांगाडा तयार केला. म्हणजे आजच्या भाषेत म्हणाल तर जुन्या हार्डवेअरचा बॅकअप घेऊन नव्या मटेरियलवर रिस्टोर केला. पेन डुइक पुन्हा पाण्यात उतरली. पुढे त्याने बांधलेल्या बऱ्याच शर्यतीच्या बोटींना हेच नाव दिलं, फक्त आकडा बदलत गेला.

वारा मागून असला की काम सोपं असतं ना?

मलाही असंच वाटायचं. वारा पाठीमागून, शीड फुगलेलं, बोट पुढे. यात अवघड काय?

समजा तुम्ही स्कूटरवर आहात. वारा मागून ताशी ४० किलोमीटरने वाहतोय आणि तुम्हीही ४० ने चाललाय. तोंडावर वारा लागणारच नाही. पण यू-टर्न घेतलात की तोच वारा अंगावर धाडकन येतो. बदललं काहीच नाही, फक्त तुमची दिशा.

बोटीचं तसंच. खरा वारा २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर. बोट त्याच दिशेला ८ नॉटने चालली आहे. मग शिडाला जाणवणारा वारा फक्त १२ नॉट. सगळं शांत, छान वाटतं. आणि जाणवणारा वारा कमी असल्यामुळेच वेग मिळवायला मोठं शीड लागतं. म्हणून मागच्या वाऱ्यासाठी ‘स्पिनेकर’ नावाचं पातळ नायलॉनचं, फुगणारं, पॅराशूटसारखं प्रचंड शीड असतं. ते बाकीच्या शिडांसारखं पूर्ण कडेने कशाला बांधलेलं नसतं. तीन कोपऱ्यांवर तीन दोऱ्या, बाकी सगळं हवेत.

आता मेख इथे आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा दुप्पट तर जोर चौपट. १५० चौरस मीटरच्या शिडावर १२ नॉटचा वारा ढोबळ हिशोबाने साधारण ३५० किलो वजनाएवढा जोर लावतो. एखाद्या लाटेने बोट आडवी फिरली की तोच वारा २० नॉट जाणवतो आणि जोर जातो जवळपास एक हजार किलोवर. वाऱ्याचा वेग तोच, पण तुम्ही दोन सेकंदांत तिप्पट संकटात. बोट एका कुशीवर झोपते, सुकाणू पाण्याबाहेर येतं, आणि मग ते कितीही फिरवा, काही उपयोग नाही.

मोठ्या क्रूमध्ये याचा बंदोबस्त असतो. एक जण सुकाणूवर, एक दोरी सोडायला, एक डोलकाठीपाशी, तिघं-चौघं कापड गोळा करायला. एकटा माणूस असेल तर? सुकाणू सोडून पुढे गेलात तर बोट फिरते. सुकाणू धरून बसलात तर शीड कोण उतरवणार?

१९६४: पहिली परीक्षा

१९६० मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथपासून अमेरिकेपर्यंत एकट्याने अटलांटिक पार करण्याची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी फक्त पाच जण. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पोचले आणि जिंकले. १९६४ मध्ये दुसरी शर्यत ठरली आणि ताबर्लीने खास तिच्यासाठी ‘पेन डुइक २’ बांधून घेतली. प्लायवूडची, हलकी, सुमारे साडेतेरा मीटर लांब.

त्या काळी अनेकांना एकट्या माणसासाठी ही बोट फारच मोठी वाटत होती. ताबर्लीचा विचार वेगळा होता. लांब बोट वेगवान असते. प्रश्न फक्त शिडं हाताळण्याचा आहे, तर मग तो डिझाइनमध्येच सोडवायचा. त्याने एका डोलकाठीऐवजी दोन डोलकाठ्या घेतल्या, म्हणजे शिडांचं क्षेत्रफळ वाटलं गेलं आणि प्रत्येक शीड एका माणसाच्या आवाक्यात आलं. आतून बाहेर बघता यावं म्हणून छतावर विमानाची एक पारदर्शक घुमटी बसवली. आणि बोट आपोआप दिशा धरून ठेवील असं वाऱ्यावर चालणारं यंत्र लावलं. यात बॅटरी नसते. मागे एक छोटी पट्टी वाऱ्याच्या दिशेने उभी राहते. बोट फिरली की पट्टीवर वारा तिरका लागतो, ती कलते आणि सुकाणू परत जागेवर आणते. शंभर टक्के मेकॅनिकल ऑटोपायलट!

हे यंत्र शर्यत सुरू झाल्यावर आठ दिवसांतच मोडलं. अजून अर्ध्याहून जास्त समुद्र बाकी. ताबर्लीने माघार घेतली नाही. तुकड्या-तुकड्यांनी झोप घेत, शिडांचा समतोल साधत तो चालत राहिला. २७ दिवस ३ तास ५६ मिनिटांत तो न्यूपोर्टला पोचला, चिचेस्टर यांच्या जवळजवळ तीन दिवस आधी. किनाऱ्यावर येईपर्यंत आपण पहिले आहोत हे त्याला माहीतही नव्हतं. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या सरकारने त्याला ‘लेजियाँ द ऑनर’ दिला आणि बत्तीस वर्षांचा हा अबोल नौदल अधिकारी रातोरात फ्रान्सचा हिरो झाला.

एकट्याने मोठं शीड उतरवायचं तरी कसं?

आता गोष्ट थोडी थांबवून हे समजून घेऊ, कारण पुढचा सगळा थरार यावरच आहे.

पहिली पायरी: आडोसा. स्पिनेकर भर वाऱ्यात उतरवायचा नाही. बोट अशी वळवायची की वारा जवळजवळ सरळ मागून येईल. मग मागचं मुख्य शीड स्पिनेकरसमोर भिंतीसारखं उभं राहतं आणि तो त्याच्या आडोशाला येतो. ज्याने छत्री उलटी होताना एसटीच्या आडोशाला धाव घेतली आहे त्याला हे लगेच कळेल.

दुसरी पायरी: हवा सोडणं. एक कोपरा मोकळा करायचा. शिडाला ताणून धरणाऱ्या दोरीला खलाशी ‘शीट’ म्हणतात. शीट म्हणजे कापड नव्हे, दोरी! ती सैल केली की शीड झेंड्यासारखं फडफडायला लागतं आणि जोर एकदम उतरतो. माझ्या मामांनी शिडीवरून ओरडून सांगितलं होतं ते हेच.

तिसरी पायरी: कापड आवरणं. इथे एकटा माणूस अडकतो. एका हाताने वरची दोरी सोडायची आणि दुसऱ्या हाताने कापड खाली ओढायचं. वरची दोरी भसकन सुटली तर शीड समुद्रात पडतं आणि पाण्याने भरून मासेमारीच्या जाळ्यासारखं ओढलं जातं. ते वर काढणं एकट्याच्या ताकदीबाहेरचं काम. यावर एक जुनी युक्ती आहे: वरच्या दोरीचं मोकळं टोक बोटीमागे पाण्यात सोडून द्यायचं. पाण्यात ओढली जाणारी दोरी ब्रेकसारखं काम करते, शीड हळूहळू उतरतं, आणि माणसाचे दोन्ही हात कापड ओढायला मोकळे राहतात. खर्च शून्य.

चौथी, आणि खरं तर सगळ्यात पहिली पायरी: वेळेत ठरवणं. शीड कमी करावं का, असा विचार पहिल्यांदा मनात आला की तीच वेळ. दहा मिनिटांनी विचार केला तर ते काम तिप्पट जड झालेलं असतं. मोबाईलची बॅटरी १५ टक्क्यांवर आल्यावर चार्जर शोधणं वेगळं आणि १ टक्क्यावर शोधणं वेगळं.

पॅसिफिक, आणि मग १९७६

१९६८ च्या अटलांटिक शर्यतीत ताबर्लीचं नशीब रुसलं. त्याची तीन सांगाड्यांची नवी बोट ‘पेन डुइक ४’ सुरुवातीलाच एका मालवाहू जहाजाला धडकली आणि त्याला परतावं लागलं. पण १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो ही एकट्याची शर्यत त्याने जिंकली. हा मार्ग बऱ्याच अंशी मागून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांचा. ‘पेन डुइक ५’ जेमतेम पावणेअकरा मीटरची, हलकी, मागे रुंद. तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या होत्या. क्रू असता तर माणसं वाऱ्याच्या बाजूला जाऊन बसली असती. ती नव्हती, म्हणून त्यांच्या जागी त्याने समुद्राचं पाणी भरलं! सुमारे ४० दिवसांत तो पोचला. दुसरा स्पर्धक आला अकरा दिवसांनी.

मग आलं १९७६. ताबर्लीकडे होती ‘पेन डुइक ६’. २२ मीटर लांब, ३० टनांपेक्षा जड, ॲल्युमिनियमची. ही बोट जगप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी डझनभर माणसांचा क्रू धरून बांधली होती. तिचा स्पिनेकर दोन बॅडमिंटन कोर्टांपेक्षा मोठा. आणि ताबर्लीने ठरवलं की हीच बोट एकट्याने अटलांटिकपार न्यायची.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्लिमथ ते न्यूपोर्ट हा मार्ग बहुतेक वेळ वाऱ्याच्या विरुद्ध आहे. त्यामुळे स्पिनेकरपेक्षा पुढची जड शिडं बदलत राहणं हीच तिथली मोठी मेहनत. वारा वाढला की मोठं शीड उतरवा, पिशवीत कोंबा, छोटं ओढत पुढे न्या, चढवा. वारा उतरला की उलट. प्रत्येक शीड ओलं, जड, आणि बोटीचं पुढचं टोक लाटेत बुडतंय.

५ जून १९७६ ला १२५ बोटी निघाल्या. त्या वर्षी अटलांटिकवर एकामागून एक पाच वादळी पट्टे आले. अनेक बोटी परतल्या, काही बुडाल्या, माणसंही गेली. ताबर्लीचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र या वेळीही बिघडलं. आता विचार करा: ३० टनांची बोट, सुकाणूला माणूस नाही, आणि शीड बदलायला पुढे जायचं. प्रत्येक वेळी बोट आधी शांत करायची, सुकाणू बांधून ठेवायचं, धावत पुढे, काम, धावत मागे. एका क्षणी तो इतका थकला की त्याने शर्यत सोडून बोट मागे वळवली. मग झोपला. उठल्यावर डोकं जागेवर आलं आणि बोट पुन्हा पश्चिमेला वळवली.

त्याच शर्यतीत दुसरा फ्रेंच खलाशी होता आलँ कोला. त्याची चार डोलकाठ्यांची बोट तब्बल ७२ मीटरची! तिच्यावर त्या काळातली उत्तमोत्तम यंत्रणा. पण शिडं चढवायच्या दोऱ्या तुटत गेल्या आणि त्याला दुरुस्तीसाठी न्यूफाउंडलंडला थांबावं लागलं. ७२ मीटरची बोट अडली ती साध्या दोरीपायी.

ताबर्लीचा कित्येक दिवस पत्ता नव्हता. तो बुडाला असावा, अशी भीती फ्रान्समध्ये पसरली होती. २९ जूनच्या रात्री न्यूपोर्टजवळच्या धुक्यातून पेन डुइक ६ बाहेर आली. २३ दिवस २० तास. कोला काही तासांनी आला. पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर ताबर्लीची मिरवणूक निघाली.

आज हे काम कसं होतं?

१९७० च्या दशकापासून एकट्या-दुकट्या खलाशांच्या बोटींवर एक साधी वस्तू दिसायला लागली: शिडाचा मोजा. फ्रेंचमध्येही त्याला ‘शोसेत’, म्हणजे मोजाच म्हणतात. कापडाची लांब नळी, तिच्या तोंडाशी फायबरग्लासची कडक रिंग. शीड आधीच या मोज्यात भरून वर चढवायचं. आत असताना वारा त्याला काही करू शकत नाही. सगळं तयार झालं की दोरीने रिंग वर ओढायची, शीड फुलतं. उतरवायचं तर शीट सैल करून रिंग खाली ओढायची, शीड पुन्हा मोज्यात. पण लक्षात घ्या, आधी हवा सोडली नाही तर हीच दोरी माणसाला वर उचलते. मोजा दुसरी पायरी वाचवत नाही, फक्त तिसरी सोपी करतो.

आता बऱ्याच बोटींवर गुंडाळणारा फर्लर असतो. खाली एक चक्री, वर फिरणारा सांधा, आणि मध्ये पीळ न सोडणारी खास दोरी. चक्री फिरवली की पीळ दोरीतून थेट वरपर्यंत जातो आणि शीड वरच्या टोकापासून गुंडाळायला लागतं. खालचा कोपरा मोकळ्या सांध्यावर असल्याने तो शेवटी गुंडाळला जातो. वरून का? कारण फुगलेल्या शिडाचं सगळ्यात रुंद, अवघड कापड वरच्या भागात असतं. ते सैल राहिलं तर रात्री वाऱ्यात सुटतं, आणि मग वर जाऊन ते कोण आवरणार! हे सगळं मागे सुकाणूपाशी बसून करता येतं, पुढच्या टोकावर जावं लागत नाही.

आपल्याकडेही याचा धागा आहे. भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची बोट गोव्यात बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. तेव्हा हा विषय फक्त फ्रेंचांचा आहे असं समजू नका.

शेवट

१९९८. पेन डुइकला शंभर वर्षं झाली होती. तीच पहिली बोट, वडिलांची. तिच्या डिझायनरच्या नावाने स्कॉटलंडमध्ये जुन्या बोटींचा मेळावा होता आणि ताबर्ली चार साथीदारांसह तिकडे निघाला होता. १२ आणि १३ जूनच्या मधली रात्र, वेल्सजवळचा समुद्र. वारा वाढला म्हणून ते शीड बदलत होते. जुन्या पद्धतीच्या बोटीवर मुख्य शिडाच्या वरच्या कडेला एक जड आडवं लाकूड असतं. बोट हेलकावली, ते लाकूड झोक्यासारखं आलं आणि ताबर्लीला लागलं. तो पाण्यात पडला. त्याने स्वतःला पट्ट्याने बोटीला अडकवलेलं नव्हतं. साथीदारांनी अंधारात खूप शोधलं, तो सापडला नाही. जुलैमध्ये एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात त्याचा देह मिळाला. वय ६६.

३० टनांची बोट वादळात एकट्याने हाताळणारा माणूस गेला तो अशा कामात, जे त्याने आयुष्यात हजारो वेळा केलं असेल. आणि तेही सोबत चार माणसं असताना. हे वाचून मी बराच वेळ मोबाईल बाजूला ठेवून बसलो होतो. आज एकट्याने शर्यत करणारे खलाशी डेकवर पाऊल टाकण्याआधी पट्टा अडकवतात. फर्लर, मोजा, ऑटोपायलट या सगळ्यांच्या आधी हा पट्टा येतो. किंमत सगळ्यात कमी, काम सगळ्यात मोठं.

पेन डुइक आजही आहे आणि समुद्रावर जाते. फ्रान्समधल्या लोरियाँ शहरात ताबर्लीच्या नावाचं नौकानयनाचं संग्रहालयही आहे.

माझ्या हाताची जखम आता भरली आहे. गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला होता, ताडपत्रीची एक बाजू पुन्हा सुटली म्हणून. या वेळी मी जाणार आहे, पण दोरी हाताला गुंडाळून नाही.

तुम्ही कधी शिडाच्या होडीत बसलाय का? किंवा माझ्यासारखी ताडपत्रीशी कुस्ती खेळलाय? असाल, तर आजच्या चार पायऱ्यांपैकी तुमची कुठली चुकली ते एकदा आठवून बघा. माझी दुसरी चुकली होती.